करवंट्यांतली वाळू

आक्का, त्या दिवशी वाळू बदललेली नव्हती.

एवढं एक वाक्य पाच वर्षं माझ्या तोंडात होतं. तू समोर आलीस की मी ते गिळायचो आणि "जेवलीस का?" असं विचारायचो. आता तुला जाऊन दहा दिवस झाले आणि मी कागद पुढं ओढून बसलोय. तू असतीस तर म्हणाली असतीस, "इस्नू, तुला येळंवर कधी काय सुचलंय का रं?" सुचत होतं, आक्का. रोज सुचत होतं, पण धीर झाला नाही. तुझा हात गेला, असं तुला पाच वर्षं वाटत राहिलं. तो समज माझ्यामुळं झाला आणि मी तो तसाच राहू दिला.

आपली ओळख उस्मानपुऱ्याच्या चौकातली. सकाळी कामाची माणसं तिथं उभी राहायची. मी अजिंठ्याकडचा, शेतकऱ्याच्या घरातला, डिप्लोमा अर्धवट सोडून एका ठेकेदाराकडं सुपरवायझर म्हणून लागलेला. कानावर पेन आणि डोक्यात हवा. मला माल कालवायला माणूस हवा होता, म्हणजे चुन्या-सिमेंटात वाळू आणि पाणी घालून भिंतीला लावायचा तो माल. तू पुढं आलीस तर मी म्हणालो, "बाई, घमेली उचलणारी नकोय, कालवणारा पाहिजे." तू मला खालपासून वरपर्यंत बघितलंस. "मंग कालवनारीच हाय मी. तू लिव्हनारा हायस का नुसता पेन लावून फिरतूस?" अख्खा चौक हसला. मी तुला घेऊन गेलो, कारण नेलं नसतं तर माणसं आणखी हसली असती.

पहिल्या आठवड्यातच तू माझा अर्धा डिप्लोमाही निकालात काढलास. सिमेंटची गाडी आली की गोणीत हात खुपसायला लावायचीस. "गार लागतंय का? मंग उतरव." चिमूट बोटांत चोळायची, खडा लागला तर गोणी बाजूला. मूठभर सिमेंट बादलीत टाकायचं आणि ते लगेच बुडालं तर दुकानदाराला नावं ठेवत बसायचीस. गोणीवर जेवढा आकडा मोठा तेवढं सिमेंट चांगलं, असं मी धरून चाललो होतो. गिलाव्यासाठी मी त्रेपन्न नंबर मागवलं तेव्हा तू कपाळावर हात मारून घेतलास. "भिंतीला का कुस्ती खेळायचीय? तडकंल ना!" आणि पंधरा दिवसांत भिंतभर बारीक तडे गेले. तू नुसती त्या भिंतीसमोर भाकर खायला बसायचीस, मुद्दाम, मला दिसेल अशी.

तू सिमेंटच्या विरुद्ध होतीस असं आता लोक सांगत फिरतात, ते खोटं आहे. तू फक्त म्हणायचीस की सिमेंट पाव्हणा आहे. आला की लगेच ताट वाढायचं, ताटकळत ठेवला की रुसला. आणि चुना घरचा माणूस, रात्रभर ओल्या गोणपाटाखाली पडून राहिला तरी सकाळी उठून कामाला लागतो, उलट जास्त चिवट होतो. चहाहून आल्यावर बसलेल्या सिमेंटच्या मालावर पाणी मारून तो पुन्हा वापरणारी माणसं तुला दिसली की तू फावडं घेऊन धावायचीस. "मेलेला माल हाय त्यो! मढ्याला आंघोळ घालून लग्नाला बसवता का?" एकदा एका इंजिनिअरलाच हे ऐकवलंस. तो बिचारा गोरामोरा झाला आणि मी पाण्याच्या टाकीमागं जाऊन हसलो.

डोळ्याचं कसं विसरेन? चुनकळीवर, म्हणजे भाजलेल्या चुन्याच्या खड्यांवर, पाणी पडलं की ती खदखदते, लांब राहा, असं तू दोनदा सांगितलं होतंस. मी वाकून बघायला गेलो आणि उडालेला थेंब सरळ डाव्या डोळ्यात. तू मला धरून नळाखाली आडवं पाडलंस, दोन बोटांनी पापणी फाकवलीस आणि पाणी सोडत राहिलीस. मी शिव्या देत होतो, हात झटकत होतो. तुझा गुडघा माझ्या छातीवर होता. दवाखान्यात नेल्यावर डॉक्टर म्हणाले, ज्यानं एवढं धुतलं त्याच्यामुळं डोळा वाचला. मी बाहेर येऊन तुला सांगितलं, तर तू म्हणालीस, "त्येच्यामुळं न्हवं, तिच्यामुळं म्हन." तेवढाच तुझा हट्ट. घरी आईला सगळं सांगितलं. पुढच्या वेळी तू अजिंठ्याला आलीस तेव्हा आईनं तुला ओट्यावर न बसवता आत स्वयंपाकघरात बसवलं, आणि तुम्ही दोघी माझीच टवाळी करत राहिलात. त्या दिवसापासून तू आमच्या घरातली आक्का झालीस.

पुढं मी स्वतःची कामं घ्यायला लागलो आणि जुन्या दगडी इमारतींची कामं माझ्याकडं यायला लागली ती तुझ्यामुळंच. गिलावा करायला रहीमभाई आणि माल कालवायला तू. रहीमभाई थापी उलटी धरून दाखवायचे, "देख, आक्का का माल है, छूटताच नै." पाहणीला कुणी आलं आणि मिस्त्री कोण विचारलं की मी तुझ्याकडं बोट करायचो. माणसं बुचकळ्यात पडायची. तू पदर तोंडाला लावून हसायचीस, पण नंतर तास दोन तास तुझं फावडं जरा वेगळंच चालायचं.

आणि मग ते वाचनालय आलं.

जुन्या शहरातली दगडी भिंत, चुन्यात बांधलेली. मधे कुणीतरी तिच्यावर सिमेंटचा गिलावा चढवला होता आणि आत ओल कोंडून तो जागोजाग फुगला होता. तू बोटाच्या पेरानं टकटक करत सगळी खोली फिरलीस. "हिची ओल भायेर निघाया जागाच ठिवली नाय. काढा सगळं, चुना लावा." चुनकळी तू निवडलीस, हौदात विरवलीस, महिनाभर पाण्याखाली ठेवलीस. इकडं वाचनालयाचे चिटणीस उद्घाटनाचा दिवस ठरवून मोकळे झाले होते आणि रोज येऊन मला घड्याळ दाखवायचे. शेवटी मी तुला सगळ्यांसमोर विचारलं, थोडं सिमेंट घातलं तर माल लवकर धरेल ना? तू फावडं न थांबवता म्हणालीस, "घाई तुला हाय इस्नू, भिंतीला नाय." रहीमभाई हसले. चिटणीस हसले. मीही हसायला पाहिजे होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तू नात्यातल्या लग्नाला पैठणला गेलीस. जाण्याआधी दुसऱ्या दिवसाच्या मालाचा ढीग लावलास, वर ओलं गोणपाट टाकलंस. रहीमभाई जेवायला गेले आणि मी गोणपाट बाजूला सारून त्या ढिगात अर्धी गोणी सिमेंट घातलं. स्वतःच्या हातानं उलटंपालटं केलं. सुरकीच्या, म्हणजे विटांच्या भुकटीच्या, तांबड्या रंगात ते फारसं दिसतही नव्हतं. माझा बेत असा की संध्याकाळपर्यंत रहीमभाईंकडून ढीग संपवून घ्यायचा, तू यायच्या आत. पण रहीमभाई आधी वरची कड पुरी करत बसले आणि त्यांनी ढिगाला हात लावायच्या आत वीज गेली. खोलीत दिसेना. ते थापी धुऊन घरी गेले.

तो ढीग मी तेव्हाच फेकून द्यायला हवा होता. तूच शिकवलेलं, पाव्हण्याला ताटकळत ठेवायचं नाही. पण फेकला असता तर सकाळी तू विचारलं असतंस, ढीग कुठं गेला? म्हणून मी गोणपाट जसं होतं तसं पुन्हा वर टाकलं आणि पाणी मारून निघून गेलो.

सकाळी पैठणहून येऊन तू फावडं घातलंस. "आज लई घट बसलाय रं. गुठळ्या बी धरल्यात."

"ऊन लागलं असेल काल."

तू ओंजळीत माल घेतलास, उजेडाकडं धरलास. "रंग बी काळपट वाटतुया. सुरकी तर मी तेवढीच घातली."

"वाळू बदललीय, आक्का."

तू माझ्याकडं बघितलंस, मग ओंजळीकडं. तुझा हात तुला खरं सांगत होता. तुझ्या त्या हातापेक्षा तू माझ्या शब्दाला मानलंस. नुसतं "व्हय का? मंग जरा जास्त कुटाया लागंल," म्हणालीस आणि पाणी घालून दुपारपर्यंत त्या मेलेल्या मालाच्या गुठळ्या फोडत राहिलीस. तुझ्या कपाळावरचा घाम मी दारातून बघत होतो. अजूनही वेळ होता. मी बोललो असतो तर तू मला फावडं घेऊन हाणलं असतंस, ढीग फेकला असतास, दोन दिवस माझ्याशी बोलली नसतीस, आणि सगळं तिथंच मिटलं असतं. उद्घाटन चार दिवस पुढं गेलं असतं, एवढंच.

उद्घाटन ठरल्या दिवशी झालं. शाल आणि नारळ मला मिळाला. तू मागच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होतीस. दीड महिन्यानं खिडकीलगतचा दाराएवढा गिलावा एकसाथ खाली आला, वाचनाच्या टेबलांवर. सुट्टीचा दिवस होता म्हणून कुणाला लागलं नाही. आपण सगळे तिथं जमलो तेव्हा चिटणीस म्हणाले, "बाईच्या हाती माल दिलात तेव्हाच मला शंका आली होती." 'बाईच्या' म्हणताना त्यांना आणखी काय म्हणायचं होतं ते तुला कळलं आणि मलाही कळलं. माझ्या घरच्या स्वयंपाकघरात बसलेली तू, आणि मी एक शब्द बोललो नाही. माझ्याऐवजी रहीमभाई बोलले. "आक्का का माल गिरताच नै, साहब. कुछ तो बी और हुआ." मी त्यांची नजर चुकवली.

तू पडलेला तुकडा उचलून तळहातावर चुरडलास. पिठासारखा झाला. बराच वेळ तू त्यात बोट फिरवत राहिलीस. मग मला हळूच विचारलंस, "ती वाळू कुठली व्हती रं?"

"पैठणकडची," मी म्हणालो.

तेव्हा तुला माझी शंका आली असेल का? हा प्रश्न मी स्वतःला किती वेळा विचारला असेल. आली असेल तर तू ती वाळूवर घेतलीस, माझ्यावर घेतली नाहीस. आली नसेल तर ते आणखी वाईट. तू एवढंच म्हणालीस, "माझ्या हातनं मेला माल. हात गेला माझा."

तो तुकडा पुन्हा भरला तेव्हा तू फावड्याला शिवली नाहीस. माल मी कालवला. तू शिकवलेल्या पद्धतीनं, तुझ्याच हौदातला चुना घेऊन. तो पक्का बसला, आजही आहे. त्यामुळं तर तुझी पुरती खात्रीच पटली. चुना तोच, पद्धत तीच, माणूस बदलला आणि गिलावा टिकला. तू तिथं उभी राहून मला म्हणालीस, "चांगला झाला रं. शिकलास." या एका शब्दाची मी वीस वर्षं वाट बघत होतो. तो मला असा मिळाला.

त्यानंतर तू चुन्याचं काम घेतलंच नाहीस. मी बोलावलं तर म्हणायचीस, कशाला तुझं नाव खराब करू? अठ्ठावन्नाव्या वर्षी तू माझ्याच स्लॅबच्या कामांवर घमेली वाहायला लागलीस, आणि माल कालवायला तिथं यंत्र होतं. मी तुला सावलीतली कामं द्यायचो, चहा आधी तुझ्यापाशी पाठवायचो. माझ्या मनाला वाटायचं, फेडतोय आपण. तुला ते समजायचं नाही असं थोडंच होतं. "इस्नू, मला काय झालंय का? एवढं का जपतूस?" विचारलं होतंस एकदा. तो क्षण सरळ माझ्या दारात चालत आला होता. मी म्हणालो, "वय झालं तुझं." तुला ते लागलं, मला दिसलं.

एवढं सगळं मी तुला सांगायचं ठरवून तीनदा तरी तुझ्या घरी आलोय. एकदा तू मेथीची भाजी केली होतीस. एकदा तुझ्याकडं पाहुणे होते. एकदा काहीच कारण नव्हतं, तू एकटीच होतीस, बाबासाहेबांच्या फोटोला हार घालत होतीस, आणि मी उंबऱ्यातूनच म्हणालो की इकडून चाललो होतो. तुझ्यासमोर उभं राहून बोलायला मी भ्यालो. एवढंच कारण आहे, दुसरं कुठलंही नाही.

परवा तुझ्या लेकीनं, वंदनानं, मला बोलावलं. "मामा, जरा वर या," म्हणाली आणि गच्चीवर घेऊन गेली. कठड्याच्या कडेनं नारळाच्या करवंट्या मांडलेल्या होत्या. एक ओळ, तिच्यामागं दुसरी, पाण्याच्या टाकीखाली आणखी. प्रत्येक करवंटीत वाळलेल्या मालाची वडी, आणि खाली प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली चिठ्ठी. अक्षर वंदनाचं, सांगणारी तू; गोदावरीला तू गंगाच म्हणायचीस. 'पैठण, पुलाखालची.' 'गंगेची, बारीक.' 'गंगेची, धुतलेली.' 'ट्रॅक्टरवाल्याची, कुठली माहीत नाही.' 'नव्या बंगल्यावरची.' 'मशीनची, दगड दळलेली.' कामावरून येताना तू पदराच्या टोकाला मूठ मूठ वाळू बांधून आणायचीस, वंदना सांगत होती. चुना, सुरकी, पाणी सगळं ठरलेलं, फक्त वाळू वेगळी. रात्रभर ओल्या फडक्याखाली ठेवायचीस, सकाळी कुटायचीस, करवंटीत भरायचीस. मग महिना दीड महिना थांबून नखानं खरवडून बघायचीस.

मी एक वडी काढून जमिनीवर आपटली. मग दुसरी. टाचेखाली घेऊन दाबली. एकही फुटली नाही, आक्का. एकही.

वंदना म्हणाली, "तिला ती वाळू शेवटपर्यंत सापडली नाही. तुम्हाला विचारायची लाज वाटायची तिला. म्हणायची, त्याला पुन्हा ते आठवायला लावू नको, त्याचं लई नुकसान झालं माझ्यामुळं. मामा, कुठली होती ती वाळू? मला आता ती बघायचीय."

मी खाली बसलो आणि तिला सगळं सांगितलं. अर्धी गोणी, वीज जाणं, गोणपाट, सगळं.  मी थांबल्यावर तिनं विचारलं, "हे आईला माहीत होतं?"

"नाही."

"मग पाच वर्षं ती माझ्या गच्चीवर काय करत होती, मामा?"

  मला क्षमा कर असं लिहायला मी दोनदा पेन टेकवलं आणि दोन्हीदा खोडलं, कारण तू लगेच केली असतीस आणि मला ते माहीत आहे. तुझ्या त्याच स्वभावावर तर मी पाच वर्षं निभावून नेलं.

रविवारी तुझ्या आठवणीत पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. रहीमभाई येणार आहेत, चौकातली माणसं येणार आहेत, तुझ्यासोबत घमेली वाहिलेल्या बायका येणार आहेत. चिटणिसांनाही मी स्वतः जाऊन बोलावून आलोय, आणि न आल्यास त्यांच्या दारात जाऊन सांगणार आहे. त्या सगळ्यांसमोर उभं राहून चार वाक्यं बोलायची, असं वंदनानं बजावलंय. माल कुणी मारला, वाळूचं खोटं कुणी सांगितलं, नावानिशी. मी हो म्हणालो. निघताना तिनं मला जिन्यात थांबवलं आणि आणखी एक अट घातली.

"रडायचं नाही, मामा. तुम्ही रडलात की सगळे उठून तुमचीच समजूत काढतील."

म्हणून आक्का, जे काय रडायचं ते आत्ताच, हे लिहिताना उरकून घेतोय.